बाहेर जाण्याचे कारण

३ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, एक वही करा. बाबा काय खातात, काय विसरतात, कशावरून चिडतात, सगळं तारीखवार लिहून ठेवा आणि महिन्याभराने दाखवा. म्हणून ही वही. पहिल्याच पानावर लिहायची गोष्ट अशी की आज बाबा घरातून निघून गेले आणि दोन तास मला पत्ताच नव्हता.

आज माझा घरून कामाचा दिवस. सोमवार, बुधवार, शुक्रवार ऑफिस आणि मंगळवार, गुरुवार घर, अशी आमची वाटणी आहे. साडेनऊला मीटिंग सुरू झाली. मध्येच बाबा दारात येऊन उभे राहिले, हातात कसला तरी कागद. मी कॅमेऱ्यापुढे हसरं तोंड ठेवून टेबलाखालून हाताने 'जा, जा' केलं. ते गेले. खोलीत गेले असं मी समजले. साडेअकराला चहा द्यायला गेले तर खोली रिकामी आणि दारातल्या चपला नाहीत.

जिना, गल्ली, कोपऱ्यावरची बाग, सगळं पालथं घातलं. तेवढ्यात एका रखवालदाराचा फोन आला. बाबांच्या खिशात मी नंबराची चिठ्ठी ठेवते, ती त्याने वाचली होती. बाबा त्यांच्या जुन्या कारखान्याच्या गेटवर उभे होते. काचेच्या बाटल्यांचा तो कारखाना बंद होऊन बारा वर्षं झाली. आता तिथे सहा मजली चकचकीत इमारत आहे, गेट तेवढं जुनं राहिलंय. बाबा तिथल्या टाइम ऑफिसात चौतीस वर्षं कारकून होते. कोण किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर पडला, हे लिहायचं.

"ताई, घाबरू नका," रखवालदार म्हणाला. "खुर्ची दिलीय त्यांना. आमची माणसं आत-बाहेर करतात तसे हे घड्याळात बघतायत. कोणाला त्रास नाही."

अर्धी रजा टाकून घेऊन आले. बसमध्ये शेजारी बसले, तेव्हाही डोळे घड्याळावरच.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज पुन्हा. नऊ-चाळीसला गेले असावेत, संध्याकाळी सहाला पाच कमी असताना आपले आपण परत. बसची वाट पायांना पाठ आहे. चौतीस वर्षं एकच बस, एकच थांबा.

काल मी ऑफिसात होते तर शेजारच्या काकू म्हणाल्या, दिवसभर खुर्चीत बसून होते, हूं नाही की चूं नाही, उलट माझ्याशी पत्ते खेळले. म्हणजे मी घरात नसताना शहाणे बाळ आणि मी असले की पोबारा! डॉक्टरांना विचारायला हवं, हा रोग आहे की माझ्याशी वैर.

आणखी एक नोंद. घरच्या दिवशी ते मला 'साहेब' म्हणायला लागलेत. "साहेब, जरा बघता का," असं म्हणत कागद पुढे करतात. आजही कॉल चालू असताना आले. मी हातानेच घालवलं. आणि माझ्या टेबलावरच्या पॅडची पानं कोण फाडतं ते कळत नाही. घरात दोघंच, त्यामुळे चोर शोधायला फार लांब जायला नको, पण पानं करतात काय ते?

१० सप्टेंबर, मंगळवार

तिसऱ्यांदा. दादाचा फोन आला. दादा पाचशे मैलांवर राहतो आणि तिथून त्याला सगळं स्वच्छ दिसतं. म्हणाला, "अगं, एक चांगली संस्था आहे. नर्स असतात, दाराला कुलूप असतं. तू नोकरी करतेस, तुझ्याने हे होणार नाही."

मी म्हणाले, "होतंय की."

"तीनदा हरवले ना?"

"हरवले नाहीत. कारखान्यात गेले होते."

"कारखाना कुठाय आता?" दादा म्हणाला.

फोन ठेवल्यावर सुचतं सगळं. मी बाबांना कुलपात ठेवणार नाही आणि संस्थेतही नाही. आईला तसा शब्द दिलाय. पण शब्द पाळायला पगार लागतो आणि पगाराला मी सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी सहा हिरवी दिसायला लागते. म्हणजे माझ्या नावापुढचा ठिपका. पाच मिनिटं माऊस हलला नाही की तो पिवळा होतो. आमच्यातल्या एकाने माऊसला दोरी बांधून ती फिरत्या पंख्याला अडकवली होती. तीन दिवस त्याच्याइतकं कष्टाळू ऑफिसात कोणी नव्हतं. चौथ्या दिवशी वीज गेली.

१२ सप्टेंबर, गुरुवार

युक्ती सापडली! इतकी सोपी की आधी का सुचली नाही.

कंपनीने प्रत्येकाला एक फोन दिलाय आणि त्यात 'सोबत' नावाचं अॅप. ते बंद करता येत नाही, काढता येत नाही. आपण कुठे आहोत ते कायम नोंदत असतं. लॅपटॉपवर 'माझी नोंद' हे पान उघडलं की नकाशावर आपलं निळं टिंब दिसतं. तो फोन मी आज बाबांच्या खिशात घातला आणि खिशाला बटण लावलं. दिवसभर काम करता करता कोपऱ्यात टिंब बघत होते. बस, थांबा, गेट. सव्वापाचला पुन्हा बस. इतकं हायसं वाटलं की दुपारी नीट जेवले.

बाबांना पूर्वी त्यांचा स्वतःचा फोन दिला होता, तो दोनदा बसमध्ये सोडून आले. हा देताना सहज म्हणाले, "बाबा, हा माझा आहे, सांभाळा हं." आल्या आल्या बटण उघडून दोन्ही हातांनी माझ्या टेबलावर ठेवला. म्हणाले, "जमा, साहेब."

कंपनीचं काय, हा विचार मी केलाच. परिपत्रक पुन्हा वाचलं. ऑफिसच्या दिवशी हजेरी या नोंदीवरून धरली जाईल आणि 'घरच्या दिवशी ही नोंद केवळ कर्मचाऱ्याच्या सुरक्षिततेसाठी राहील', असं स्पष्ट छापलंय. उद्या मला वाटेत चक्कर आली तर शोधायला बरं, असा अर्थ. कोण बघतंय?

२४ सप्टेंबर, मंगळवार

आता सवय झाली. मंगळवार, गुरुवार टिंब बघणं हेही एक काम झालंय. विम्याचे दावे तपासायची माझी नोकरी. लोक दवाखान्याची बिलं पाठवतात, त्यातलं खरं किती आणि फुगवलेलं किती ते मी बघते. संशय घ्यायचा पगार घेते म्हणा ना. आज एका बाईंचा दावा परत पाठवला, 'लेखी पुरावा नाही' असा शेरा मारून. तो शेरा मी आजवर हजार वेळा तरी लिहिला असेल.

आज टिंब गेटपाशी नव्हतं. शंभरेक पावलं बाजूला, मागच्या नळाशी होतं, सव्वा तास. मग शेजारच्या मोकळ्या मैदानात, भर उन्हात. माझा जीव टांगणीला. रखवालदाराला फोन केला तर त्याची सुट्टी. संध्याकाळी आल्यावर बाबांना फैलावर घेतलं. "नळावर काय करत होतात? उन्हात का बसलात? सगळं दिसतं मला इथून!" बाबा खाली बघत राहिले. गेटची जागा सोडायची नाही म्हणून चांगलं दटावलं. ते "चूक झाली, साहेब" म्हणाले. मग मलाच वाईट वाटलं, पण शिस्त लावल्याशिवाय कसं चालेल?

८ ऑक्टोबर, मंगळवार

आज मीटिंगमध्ये टीमच्या मॅडमनी सगळ्यांसमोर माझे आकडे काढले. दिवसाला चाळीस दावे व्हायला हवेत, माझे एकतीस होतात. "घरी लक्ष लागत नाही का तुमचं?" असं विचारलं. वीस चौकोनांतली वीस तोंडं माझ्याकडे बघत होती, आणि कुठे बघतायत तेही कळत नव्हतं. मी 'माफ करा' म्हणाले. कॅमेरा बंद झाल्यावर टेबलावर डोकं ठेवून रडले. मान वर केली तर बाबा दारात, हातात कागद. आता बोलायचंही त्राण नव्हतं. हात हलवला. ते गेले, मी पुन्हा रडायला मोकळी.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

ऑफिसात मनुष्यबळ विभागाचे एक साहेब आहेत. बोलणं इतकं मऊ की आम्ही त्यांना लोणीसाहेब म्हणतो. त्यांनी बोलावलं, पाणी दिलं आणि एक कागद पुढे सरकवला. बारा सप्टेंबरपासून नऊ दिवस, घरून कामाच्या वेळात, मी नोंदलेल्या घरापासून चार किलोमीटरवर होते. रोज तीच जागा. सकाळी दहा ते संध्याकाळी सव्वापाच. सोबत नकाशा. नऊ दिवसांची नऊ टिंबं एकावर एक बसून एक जाडजूड निळा डाग झाला होता.

"त्या इमारतीत कोणाचं ऑफिस आहे, ठाऊक असेल तुम्हाला," ते म्हणाले.

मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. गेटवरची पाटी मी कधी वाचलीच नाही. तिथे दुसरी विमा कंपनी आहे, आमच्याशी स्पर्धा करणारी. म्हणजे मी तिकडे चोरून दुसरी नोकरी करते, असा यांचा हिशेब.

"पण परिपत्रकात लिहिलंय, सुरक्षिततेसाठी," मी म्हणाले.

"कंपनीची सुरक्षितता त्यात येतेच की, ताई," लोणीसाहेब म्हणाले.

खरं सांगावं म्हणून तोंड उघडलं आणि तिथेच मिटलं. फोन बाबांच्या खिशात होता म्हटलं, तर ग्राहकांची माहिती असलेला कंपनीचा फोन बाहेरच्या माणसाला दिला हा गुन्हा. बाबा आजारी आहेत म्हटलं, तर घरून काम मागताना मी सही केलेला कागद आहे: 'कामाच्या वेळात माझ्यावर कोणाच्या देखभालीची जबाबदारी नाही.' तो खोटा ठरतो. इकडे आड, तिकडे विहीर. दुसरी नोकरी करते म्हणावं तर ती तरी असायला हवी होती!

चौकशी होणार आहे. तारीख कळवतील. दरम्यान घरच्या दिवशी फोन नकाशावर घराभोवती आखलेल्या वर्तुळात हवा आणि ठिपका हिरवा हवा, नाहीतर लगेच निलंबन.

२० ऑक्टोबर, रविवार

दादाला सांगितलं. वाटलं होतं चार धीराचे शब्द बोलेल. म्हणाला, "नोकरी गेली तर बाबांना संस्थेत ठेवण्यावाचून इलाज नाही, हे तुला कळतंय ना? मी महिन्याचं बघतो, पण त्यांना इथे आणू शकत नाही." त्याचंही खोटं नाही. त्याच्या घरी खोल्या दोन आणि माणसं पाच. पण कधीकधी खरं बोलणाऱ्या माणसाचा जास्त राग येतो.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

दाराला आतून कुलूप लावलं. किल्ली माझ्या गळ्यात.

बाबा साडेनऊला कागद घेऊन आले. मी घालवलं. मग दाराची कडी वाजायला लागली. आधी हळू, मग जोरात. "गेट उघडा! गेट कोणी बंद केलं?" मीटिंगमध्ये कोणीतरी विचारलं, कुठून आवाज येतोय. मी म्हणाले, शेजारी सुतारकाम चाललंय. पाठीमागे माझा बाप दार ठोठावत होता आणि मी शेजारी सुतारकाम चाललंय म्हणाले.

अकराला आवाज थांबला. जाऊन पाहिलं तर दारालगत जमिनीवर बसले होते, तोंडात रुमालाचा बोळा. मी ओरडलेच, "हे काय करताय?" बोळा काढून म्हणाले, "खोकला येतो, साहेब."

डॉक्टरांना दाखवायची नोंद: तोंडात वस्तू घालतात.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

कुलूप. दिवसभर खोलीत. जेवले नाहीत. माझे चव्वेचाळीस दावे झाले. मॅडमनी शाबासकी दिली.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

हे लिहायलाच हवं. न लिहिता झोपले तर मी माझ्या नजरेतून उतरेन, अजून काही उरलं असेल तर.

बारा वाजता मीटिंग चालू असताना कुरिअरवाला आला. चौकशीचं पत्र, सही करूनच घ्यायचं. मी कुलूप काढलं, सही केली, तेवढ्यात कानातल्या यंत्रातून माझं नाव पुकारलं गेलं. धावत टेबलाशी आले. कुलूप राहिलं. मी बोलत असताना बाबा दारात आले, कागद पुढे केला. मी हात हलवला. मग दार लागल्याचा आवाज आला.

मला ऐकू आला. नंतर कळलं असं नाही, तेव्हाच ऐकू आला.

फोन टेबलावर माझ्यासमोर होता. तो घेऊन धावले तर टिंब वर्तुळाबाहेर जाणार. ठेवून धावले तर ठिपका पिवळा, शिवाय कॅमेऱ्यात रिकामी खुर्ची. मला वाटलं, बसच्या थांब्याला जातील, गेटवर पोचतील, रखवालदार आहे. मला वाटलं, दहा मिनिटांत संपेल मीटिंग. ती चाळीस मिनिटं चालली. मी मान डोलवत होते. एकदा विनोद झाला तेव्हा हसले. मी उठले नाही. चाळीस मिनिटं मी उठले नाही.

मग थांब्यापर्यंत धावत जाऊन आले, बाबा दिसले नाहीत. अडीचला तोच रखवालदार बाबांना रिक्षातून घेऊन आला. गेटपर्यंत पोचलेच नव्हते. दोन थांबे अलीकडे रस्ता ओलांडताना पडले. तो कामावर येत होता म्हणून त्याला दिसले. गुडघा सोलला होता, कपाळाला खोक. तो म्हणाला, "ताई, दोन गाड्या वळसा घालून गेल्या. नशीब म्हणायचं." चहालाही थांबला नाही.

जखम धुताना बाबांच्या सदऱ्याच्या खिशात घडी केलेला कागद लागला. माझ्या पॅडचं पान. पट्टीने रेघा मारलेल्या आणि खाली बाबांचं अक्षर, तेच, चौतीस वर्षांचं, मोत्यासारखं.

गेट पास. दि. २९ ऑक्टोबर.
बाहेर पडल्याची वेळ: १२.१०.
बाहेर जाण्याचे कारण: साहेबांची मीटिंग. खोकला आवरत नाही.
सोबतची वस्तू: नाही.
मंजुरी: हाताच्या खुणेने मंजूर.
परत आल्याची वेळ:

पुढे कोरं होतं.

लहानपणी या पासांच्या कोऱ्या पाठीवर मी गणितं सोडवली आहेत. कामाच्या वेळात गेटबाहेर जायचं तर कामगाराला पास लागायचा आणि त्यावर साहेबाची मंजुरी. बाबा म्हणायचे, पासाशिवाय मालकाचा मुलगाही सोडणार नाही.

मी म्हणाले, "बाबा, असे आणखी आहेत?"

त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं. खाटेखालून बिस्किटांचा डबा काढला, झाकण उघडून माझ्यापुढे धरला. "रेकॉर्ड पूर्ण आहे, साहेब," म्हणाले. मग घड्याळात बघून हातातल्या पासावर 'परत २.३०' लिहिलं.

पंधरा पास. सगळे मंगळवारचे आणि गुरुवारचे. दोन पासांवर 'नामंजूर. गेट बंद.' ती बावीस आणि चोवीस तारीख. बाकी तेरांवर मंजुरी माझ्या हाताची.

३ सप्टेंबर: 'घरात कचेरी भरली आहे. आपण मध्ये नको.'

१२ सप्टेंबर: 'सोबतची वस्तू: फोन एक, साहेबांचा. परत जमा केला.'

२४ सप्टेंबर: 'पँट ओली झाली. साहेबांना कळू नये. बाहेर धुऊन वाळवून येतो.'

८ ऑक्टोबर: 'मुलगी रडत आहे. मी समोर नसलेलं बरं.' त्या एकाच पासावर साहेब नाही, मुलगी आहे.

१५ ऑक्टोबर: 'कारण आठवत नाही. जाणे भाग.'

ही वही मी दोन महिने लिहितेय, डॉक्टरांना दाखवायला. बाबा काय विसरतात ते सगळं लिहिलंय. मंगळवार-गुरुवार माझ्याच हाताने लिहिला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. उलट नळावर का गेलात म्हणून त्यांना झापलं. काकूंशी ते दिवसभर पत्ते खेळतात.

२ नोव्हेंबर, शनिवार

सोमवारी चौकशी. काल रात्री एक गोष्ट लक्षात आली तशी अंथरुणात उठून बसले. हे पास म्हणजे पुरावा आहे! नऊच्या नऊ दिवसांच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळतात. फोन कोणाकडे होता, कोण गेलं, किती वाजता परत आलं, सगळं लेखी. फोन दुसऱ्याला दिल्याचा ठपका राहील, पण दुसरी नोकरी करते हा डाग जाईल. काकू म्हणाल्या, "अगं, मग दाखव की! समोर देव उभा राहिला आणि तू डोळे मिटतेस."

डबा पिशवीत घातला. नोकरी राहिली तर बाबा घरी राहतील. एवढाच प्रश्न आहे. एवढाच.

४ नोव्हेंबर, सोमवार

लांब टेबल. एका बाजूला लोणीसाहेब, मॅडम आणि एक वकील. दुसऱ्या बाजूला मी आणि माझी पिशवी.

मी सगळं सांगितलं. बाबांचा आजार, फोन, कारखाना. मॅडम खाली बघत होत्या. त्यांचीही आई घरी असते, हे मला कुणीतरी पूर्वी सांगितलं होतं.

लोणीसाहेब म्हणाले, "आम्हालाही माणुसकी आहे, ताई. पण नुसतं सांगणं झालं. लेखी पुरावा आहे का काही?"

माझंच वाक्य. हजार वेळा लिहिलेलं.

मांडीवरच्या पिशवीत डबा होता. झाकणाची कड बोटांना लागत होती. मी म्हणाले, "असला, तर तुम्ही त्याचं काय कराल?"

"फाइलला लावू," वकील म्हणाला. "नऊ दिवसांचे नऊ हवेत. प्रती सगळ्या सदस्यांना जातील."

नऊ दिवसांत चोवीस सप्टेंबर येतो. 'साहेबांना कळू नये.' जे मलासुद्धा कळू नये म्हणून तो माणूस सत्तराव्या वर्षी उन्हात ओल्या पँटनिशी बसला, ते या तिघांनी वाचायचं. मग प्रती. मग फाइल. तो एक काढून आठ द्यावेत असंही मनात आलं, मी काही संत नाही. पण मग तेच म्हणाले असते, नववा कुठाय? आणि त्यांनी नसतं विचारलं तरी आठ ऑक्टोबरचा होताच.

मला बाबांचं टिंब बघायचा काय अधिकार होता, हे कोणी मला विचारलं नाही. आणि माझं टिंब बघायचा तुम्हाला काय अधिकार, हे मी यांना विचारायला आले होते. बोट झाकणावरून काढलं.

"नाही," मी म्हणाले. "लेखी काही नाही."

मॅडमनी एकदा पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

राजीनामा दिलात तर शेरा मारणार नाही, एवढी सवलत मिळाली. तिथेच लिहून दिला. फोन जमा केला. लोणीसाहेबांनी पोच दिली आणि दारापर्यंत सोडायला आले.

बसमध्ये रडू आलं नाही. घरी आल्यावर काकूंना सांगितलं तर त्याच रडल्या आणि नंतर मला मूर्ख म्हणाल्या. दादा रविवारी येतोय. संस्थेचा अर्ज घेऊन येतो म्हणाला. मी नको म्हणाले नाही. काय तोंडाने म्हणणार? आईला दिलेला शब्द आणि बाबांची लाज, दोन्ही एकदम राखता येत नव्हती, मी एक राखली. बरोबर केलं की चूक, मला कळत नाही. कोणीतरी सांगावं असं वाटतं.

५ नोव्हेंबर, मंगळवार

साडेनऊला सवयीने टेबलाशी बसले. लॅपटॉप नाही. धूळ तेवढी चौकोनी राहिली होती, ती पुसली.

बाबा दारात आले. कपाळाला पट्टी, सदऱ्याची सगळी बटणं लावलेली, हातात कागद. मी उठले. पहिल्यांदाच तो कागद हातात घेतला. वेळ ९.३५. कारण: 'साहेबांची मीटिंग.' मंजुरीची जागा कोरी ठेवून ते माझ्या हाताकडे बघत होते.

आधी डबा आणला. जुन्या तेरा पासांवर एकेक सही केली, मागच्या तारखांनी. बाबांच्या टाइम ऑफिसात एवढ्यासाठी कारकुनाला घरी पाठवायचे. बाबा बघत होते, पण काही म्हणाले नाहीत. मग आजच्या पासावर सही केली आणि म्हणाले, "चला, मी येते तुमच्याबरोबर. आज दोघं जाऊ गेटवर."

बाबा गोंधळले. टेबलाकडे पाहिलं, मग माझ्या कानाकडे, जिथे ते यंत्र असायचं.

"आज मीटिंग नाही?"

"नाही, बाबा."

"उद्या?"

"उद्याही नाही."

त्यांनी कागद परत घेतला, खिशातून पेन काढलं, माझ्या सहीवर एक आडवी रेघ मारली आणि लिहिलं: 'रद्द. मीटिंग नाही. जाण्याचे कारण नाही.' कागद डब्यात ठेवला, झाकण लावलं. मग खुर्चीत बसले, चपला पायानेच बाजूला सारल्या आणि मोठ्यांदा, मनसोक्त खोकले.